कृष्णपुऱ्याची बाई

पितृपक्षातली सकाळ आहे. नऊ वाजून गेलेत. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून ई-रिक्षा, दुचाक्या आणि हातगाड्या एकमेकींना घासत राजवाड्याकडे सरकतायत. खाली नदीला पावसाचं गढूळ पाणी आहे. जुने इंदूरकर हिला खान म्हणतात, सरकारी पाट्यांवर ती कान्ह झाली आहे. पुलाच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक भगवं पोस्टर चिकटवलंय. रात्रीच्या सरीने त्याचा खालचा कोपरा सुटलाय, पण वरची अक्षरं ठसठशीत आहेत : ‘नानी बाई रो मायरो’. नवरात्रानंतरच्या एका कथेची जाहिरात.

“ही कुणाची आजी?” पुण्याहून आलेला भाचा विचारतो.

“आजी नाही रे, पोर आहे ती,” बाई म्हणतात. “राजस्थानीत नानी म्हणजे लहान. नरसी मेहतांची लेक.”

बाई म्हणजे माझ्या मराठी शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली, तरी त्यांच्या हाताखालून गेलेली आम्ही मुलं त्यांचं नाव घेत नाही. दुसरी बाई आमच्या लेखी नाहीच. आज आपल्या भाच्याला छत्र्या दाखवायच्या म्हणून त्या निघाल्यात आणि मीही मागोमाग आलोय. गर्दीत उभ्या राहूनच त्या गोष्ट सांगायला लागतात. नरसी मेहता कफल्लक, नानीबाईच्या सासरचे गर्भश्रीमंत. तिच्या मुलीचं लग्न निघतं आणि माहेरून मायरा, म्हणजे आहेर यायचा असतो. बाप येतो तो टाळ-करताल घेतलेल्या साधूंबरोबर, हात हलवत. सासरची माणसं हसतात आणि मग कृष्ण स्वतः आहेर घेऊन दारात उभा राहतो. गुजरातेत याच लेकीचं नाव कुंवरबाई. तिथे प्रसंग लग्नाचा नाही, तिच्या सीमंताचा. सतराव्या शतकात प्रेमानंदाने त्यावर आख्यान रचलं आणि ते घराघरांत गेलं.

“मग तिला बाई का म्हणायचं? ती तर मुलगी.”

“मारवाड्यांकडे मुलगीच बाई असते. घरची लेक, बहीण. थोरामोठ्यांकडे बाईसा. मीराबाईची बाई ती तीच.”

भाचा मान डोलावतो. त्याच्या पुण्याच्या कानाला ‘बाई’ म्हटलं की पोक्त, पदर खोचलेलं माणूस दिसत असणार. इथे खांबावरची बाई माहेरची लेक आहे.

आम्ही पूल ओलांडतो न ओलांडतो तोच पाठीमागून जोरात हाक येते, “बाई जी! ओ बाई जी!”

बाई वळतात. मीही वळतो. हाक मारणारा विशी-बाविशीचा सरदार आहे, खांद्याला पिशवी, शेजारी त्याची आई. तो बघतोय ई-रिक्षावाल्याकडे. रिक्षावाला मिश्या राखलेला, चाळिशीचा, तोंडात सुपारी. तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मग आमच्या बाईंना म्हणतो, “माताजी, आपको बुला रिया है.”

“नहीं बाई, आपको ही बोल रहा हूँ. इमली साहब चलोगे?”

“मेरे को?” रिक्षावाल्याचा आवाज चढतो. “भिया, मैं तेरे को बाई दिख रिया हूँ?”

दोन-चार माणसं थबकतात. मुलगा गोंधळून आईकडे बघतो. त्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही आणि त्याचं काही चुकलेलंही नाही. बाई पुढे होतात. शाळेच्या मैदानात दोन पोरांच्या मधे जायच्या, तशाच.

“कहाँ के हो बेटा?”

“मालवे दे हाँ जी. बठिंडा.”

“लो!” रिक्षावाला सुपारी थुंकतो. “मालवा तो ये है. मालवे में ही तो खड़े हैं अपन.”

आता मात्र बाईंचा चेहरा उजळतो. दोघांच्या मधे उभ्या राहून त्या हिंदीत समजावतात, आणि मला चौथीचा वर्ग आठवायला वेळ लागत नाही. सतलजच्या दक्षिणेचा पंजाब, म्हणजे बठिंडा, मानसा, मोगा, संगरूर, हाही माळवाच. त्या माळव्यात थोरल्या भावाला बाई म्हणतात, कधी वडिलांनाही. अनोळखी माणसाला आदराने हाक मारायची तर ‘बाई जी’. आपल्या इंदूरचं ‘भिया’, तेच त्यांचं ‘बाई’. अलेक्झांडरच्या स्वारीच्या वेळी मालव नावाचे लोक पंजाबात होते. पुढे ते राजस्थानमार्गे इकडे उतरले आणि अवंतीला त्यांचं नाव पडलं, असं इतिहासकार सांगतात. बाई एवढं सगळं सांगत नाहीत, पण “दोनों मालवा रिश्ते में हैं” इतकं मात्र ठासून सांगतात.

मुलगा हसतो. फोनची पाठ उलटी करून दाखवतो. तिथे २२ आकड्याचा स्टिकर आहे. पंजाबीत बावीसलाही बाईच म्हणतात, म्हणून तिकडची पोरं गाडीवर, टोपीवर, फोनवर २२ लिहितात आणि वाचणाऱ्याने ‘भाऊ’ समजायचं असतं.

“तो मैं बाईस हुआ,” रिक्षावाला म्हणतो. राग कधी उतरला त्यालाही कळलेलं नाही. “बैठो माताजी. आओ बाई.” तो त्या मुलाला बाई म्हणतो आणि शब्द तोंडात घोळवून स्वतःच खूश होतो. गुरू नानक चिंचेखाली बसले होते अशी ज्या जागेची आठवण शीख मंडळी सांगतात, त्या इमली साहेब गुरुद्वाऱ्याकडे रिक्षा निघते.

एका माळव्यात जी हाक नऊवारीतल्या म्हातारीला जाते, तीच दुसऱ्या माळव्यात मिशीवाल्या माणसाला. दोन्हीकडे आदर तितकाच. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. भाषा वेगळी झाली, लिंग उलटं झालं, नातं बदललं, तरी समोरच्याला मोठेपणा देण्याचं काम शब्दाने सोडलेलं नाही.

छत्र्यांच्या आवारात शिरलं की रस्त्याचा गोंगाट एकदम मागे पडतो. भाचा पाटी वाचून पुन्हा अडखळतो, कारण मराठीत छत्री पावसात उघडायची. राजाराणीच्या स्मारकाला आपण समाधी म्हणू. इथे दगडाची छत्री आहे, वर शिखर, पुढे खांबांचा मंडप, आत गाभारा. होळकरांच्या या तीन छत्र्या : महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव. जोत्यावर हात टेकून खाली वाकलं की कोरीव पट्टा दिसतो. ओळीने शिपाई, घोडेस्वार, वाजंत्री. एका शिपायाच्या पगडीचा पेच इतका बारीक कोरलाय की बोटाच्या टोकाला त्याच्या घड्या लागतात. त्याच्या शेजारच्याचं नाक झिजून सपाट झालंय.

कृष्णाबाई यशवंतराव होळकरांच्या राणी. यशवंतराव 1811 साली गेले. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, होळकर हरले. तिच्या तोंडावर कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच फौजेतल्या लोकांनी मारलं होतं. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला, इंदूर राजधानी झाली आणि गादीवरच्या अल्पवयीन मल्हाररावांच्या मागे उभं राहायचं काम कृष्णाबाईंवर आलं. राजवाड्याजवळचं गोपाळ मंदिर त्यांनीच 1832 साली बांधलं. पुढे तुकोजीरावांना गादीवर आणण्यातही त्यांचा हात होता. अहिल्याबाई, तुळसाबाई, कृष्णाबाई : पन्नास-साठ वर्षांत या एका घराण्याचा कारभार तीन बायांच्या हातांतून गेला. तिघींच्या नावाला बाई आहे आणि त्या काळी त्यापुढे आणखी काही लावायची गरज पडत नव्हती. ‘मातुश्री अहिल्याबाई’ असं कागदोपत्री लिहिलं जाई, बस.

स्कॉटलंडची कवयित्री जोआना बेली हिने 1849 साली अहिल्याबाईंवर दीर्घकाव्य लिहिलं, त्याचं नाव नुसतं ‘अहल्या बाई’. राणी नाही, महाराणी नाही. तिला हा शब्द पुरेसा वाटला.

आज आपल्याला तो पुरत नाही. इंदूरचा विमानतळ देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा आहे, तिथे बाई टिकली. इंदूर विद्यापीठ 1964 साली सुरू झालं, पुढे त्याला अहिल्याबाईंचंच नाव दिलं, पण ते देवी अहिल्या विश्वविद्यालय. बाई गेली. महाराष्ट्रात सोलापूरच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर असं नाव आहे, तिथेही देवी आली आणि बाई गेली. देवी म्हणण्यात भक्ती आहे, ती मी नाकारत नाही. पण देवी करताना बाई गाळली जाते तेव्हा माझ्या मनाला ते लागतं. कोल्हापूरची देवीसुद्धा अंबाबाईच आहे. देवत्वाला ज्या शब्दाची अडचण झाली नाही, ती आपल्याला का व्हावी?

“हिंदीमुळे,” बाई सरळ सांगतात. “हिंदी कानाला बाई म्हणजे एक तर कामवाली, नाहीतर गाणारी बाईजी. राणी लक्ष्मीबाई पुस्तकात. घरात बाई म्हणजे झाडूपोछा.”

गाणारी बाई हासुद्धा साधा विषय नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल यांच्या नावांतली बाई मराठी मैफिलीत आदराने मान झुकवायला लावते. उत्तरेत तीच अक्षरं कोठीकडे बोट दाखवतात. गंगूबाई तर धारवाड-हुबळीच्या. कन्नडमध्ये बायी म्हणजे तोंड, आणि त्यांचं नाव कन्नडमध्ये लिहिताना ही बायी आणि ती बायी एकाच अक्षरांत येते. गंगूबाईंसारखा गळा असताना नावात तोंड असावं, हे मला शोभून दिसतं. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर गेली. तिथल्या यादीत त्यांचं नाव ‘केसर बाई’ असंच आहे. इंदूरच्या दिवाणखान्यात ज्या शब्दाचा संकोच वाटतो, तो ग्रहमालेच्या कडेपलीकडे पोचलाय.

आवाराबाहेर चहाची टपरी आहे. बाई पर्समधून आपला छोटा स्टीलचा पेला काढतात, टपरीवाल्याकडून पाणी मागून घेतात, विसळतात. पुन्हा विसळतात. बाकावर तीन तरुण बसलेत, सराफ्यात दागिने घडवणारे बंगाली कारागीर. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणतो, “दिदिमार शुचिबाई आछे.”

‘बाई’ ऐकून बाई वळतात. “मला म्हणालास काही? मेरे को बोले?”

पोरगा ओशाळतो. बंगालीत बाई म्हणजे वायू, डोक्यात शिरलेला वारा, एखाद्या गोष्टीचं खूळ. शुचिबाई म्हणजे स्वच्छतेचं खूळ, आपल्याकडचं अतिसोवळं. त्याला हे हिंदीत धड सांगता येत नाही. “वो… सफाई का बीमारी, दीदी,” एवढंच तो पुटपुटतो. बाईंना हसू येतं, चहा सांडतो. “बरोबर बोललास,” त्या त्याला चक्क मराठीत सांगतात. तिकडे थोडं आणखी पूर्वेला गेलं, आसामात, की हवा पुन्हा बदलते. बाइदेउ म्हणजे थोरली बहीण आणि शाळेतली मुलं शिक्षिकेलाही बाइदेउच म्हणतात. आपल्या शाळेतल्या बाईंना दोन हजार किलोमीटरवर सख्खी बहीण भेटावी तसं.

बाईंचा फोन वाजतो. शेजारच्या घरातली सून, तीही मराठी. आवाज मोठा आहे, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जातो.

“बाई, तुमच्याकडे बाई आली का हो?”

एका वाक्यात दोन बाया. पहिलीला ‘तुमच्याकडे’ आणि ‘हो’, दुसरीला ‘आली’.

“आल्या नाहीत अजून,” बाई म्हणतात. “येतील. काल म्हणाल्या होत्या उशीर होईल.”

सुनेला काही खटकत नाही. “आली की पाठवा इकडे,” म्हणून ती फोन ठेवते. बाई रागावत नाहीत, समजावत नाहीत. क्रियापद तेवढं दुरुस्त करून परत देतात, जसं वहीतलं चुकलेलं अक्षर लाल शाईने नुसतं बरोबर करून द्यायच्या. मराठीत हे फार मोठं हत्यार आहे. शब्द एकच ठेवून आपण क्रियापदाने माणसाची जागा ठरवतो. बाई आल्या : खुर्ची पुढे करा. बाई आली : भांडी घासायला टाका. हिंदीत ‘बाई आई’ आणि ‘बाई आईं’ यांतला फरक अनुस्वाराएवढा आणि तोही घाईत गळतो. आपल्याकडे तो लपवता येत नाही, तोंड उघडलं की कळतो.

पुणे-मुंबईच्या पुष्कळ घरांत आता कामाच्या बाईंना मावशी म्हणतात, ताई म्हणतात. मनापासून म्हणत असतील तर उत्तमच. पण कित्येकदा ‘मावशी’ म्हणूनही चहा वेगळ्या कपात दिला जातो. शब्दाला भांड्यांची राख लागली म्हणून तो टाकून द्यायचा आणि नवा, कोरा शब्द आणायचा, हे मला पटत नाही. दहा वर्षांत त्यालाही राख लागते. राख लागते ती आपल्या हातांनी.

टपरीपाशीच त्या कामाच्या बाई भेटतात. सकाळपासून तीन घरं आटोपून, पुलावरून झपाझप येणाऱ्या. खरगोनकडच्या, बोली निमाडी, पण आमच्याशी बोलताना इंदुरी हिंदी. “बाई, आज देर हो गई. वो गाना बजा रिया पर पैसे दिए तो भी नी चल रिया,” असं म्हणत त्या फोन भाच्याच्या हातात देतात. रिचार्ज झालंय, फोन लागत नाहीये. भाचा खटाटोप करताना पडद्यावर नंबरांची यादी उघडते. त्यांनी नावं कुणाकडून तरी हिंदीत भरून घेतलीत : सिंधी आंटी. डॉक्टर मैडम. जैन भाभी. तीन नंबर वाली. आणि एक : मराठी बाई.

मराठी बाई आपला पेला पुसून पर्समध्ये ठेवतायत.

मराठी घरांत हे पूर्वापार आहे. मालकीण कामाला येणारीला बाई म्हणते आणि कामाला येणारी मालकिणीला बाई म्हणते. “बाई, येते हं मी.” “या बाई.” एका उंबऱ्यावर एकच शब्द जातो आणि येतो. दुसऱ्या कुठल्याही भाषेत मालक आणि नोकर एकमेकांना एकाच शब्दाने हाक मारत असतील, असं मला सहज आठवत नाही. हिंदीतल्या बाईने हा परतीचा रस्ता गमावला. तिथे बाई एकाच बाजूने म्हटली जाते, म्हणून ती खाली खाली गेली.

“बैठो, चाय पियो,” बाई त्यांना म्हणतात. त्या बसत नाहीत, उभ्यानेच घेतात. चार घोटांत चहा संपवून, “आपके यहाँ बाद में आती, पहले बाजू वाली के,” म्हणून निघतात. भाचा मागून म्हणतो, “बाई, फोन झाला सुरू!” ती हाक ऐकून यावेळी दोघी वळतात.

अकरा वाजत आलेत. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून एक म्हातारी कागदाच्या संजा विकतेय. रंगीत छापील कागद, त्यावर चंद्र, सूर्य, फुलं, पालखी, कावळा, शिडी. भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा मांडतात. दर तिथीला आकृती वेगळी आणि शेवटी मोठा किलाकोट. गुलबासाच्या पाकळ्या चिकटवायच्या, आरती करायची, गाणी म्हणायची. गाण्यांतून ती संजाबाई असते. सासरी निघालेली, माहेरासाठी हट्ट धरणारी, नऊ-दहा वर्षांची पोर. आता भिंती तेलरंगाच्या, शेण मिळायची मारामार, म्हणून हा कागद.

“आपली भुलाबाई,” बाई भाच्याला सांगतात. “खानदेशात, वऱ्हाडात. पुण्याचा भोंडला तो हाच.” भाच्याला भोंडल्याची खिरापत तेवढी आठवते. डब्यात आत काय आहे ते ओळखायचा खेळ संजेच्या प्रसादातही आहे.

म्हातारी उज्जैनच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. कागद उलगडून दाखवताना सांगते, “म्हारी बई गोबर की बणाती थी.” बई म्हणजे आई. भाचा माझ्याकडे बघतो, बोटांवर मोजल्यासारखं करतो : सकाळपासून लेक झाली, भाऊ झाला, बावीस झाले, राणी, गाणारी, वारा, मास्तरीण, मोलकरीण, आणि आता आई. त्याच्यातला पुणेकर जागा होतो आणि तो फोनवर शोधायला लागतो. वाचूनच दाखवतो. कझाक भाषेत बाय म्हणजे श्रीमंत, कळपांचा धनी. वेल्समध्ये बाय म्हणजे दोष. व्हिएतनामीत सूर खाली उतरवून ‘बाय’ म्हटलं की धडा.

“धडा?” बाई उचलून धरतात. “बघ, बाई तिथे धडा.”

यांचा आपल्या बाईशी काही नातेसंबंध नाही हे त्यांना माहीत आहे, मलाही. राजस्थानी, गुजराती, माळवी आणि मराठी बाया एका गोतावळ्यातल्या. बंगाली बाईचं कूळ निराळं, वायूचं. कन्नड बायीचं तर घराणंच द्राविडी. आणि कझाक, वेल्श, व्हिएतनामी ही नुसती ओठांची गाठ. ओठ मिटून उघडायचे आणि आ करायचा : माणसाच्या तोंडाला याहून सोपं फार थोडं आहे. बाळही तिथूनच सुरुवात करतं. म्हणून जगभर हा आवाज कुणी ना कुणी उचलून आपल्या कामाला लावलाय. इंदूरला मात्र तो अनेक घरांतून एका पुलावर येतो. 1935 साली या शहरात हिंदी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष गांधीजी. त्याच साली मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी अध्यक्ष. दोन्ही मांडवांत बाई होती, दोन्हीकडे ती वेगळी ऐकू आली असणार.

फोन पुन्हा वाजतो. आता व्हिडिओ. बाईंचा मुलगा स्पेनमध्ये बिलबाओला असतो, तिथे साडेसात वाजलेत, नात शाळेला निघालीय. पाच वर्षांची, केसांना दोन क्लिपा, तोंडाला दूध.

“काय गं, आजीकडे येणार ना दिवाळीला?”

“बाय!” ती मान जोरात हलवते.

“अगं थांब की, लगेच काय बाय? किल्ला करायचा ना आपण?”

“बाय, बाय!”

बाईंचा चेहरा पडतो. “घाई झालीय वाटतं पोरीला.” त्या फोन बंद करायला जातात. पलीकडून मुलगा पुढे येतो. “आई, ती निरोप घेत नाहीये. शाळेत तिला बास्कमधून शिकवतात ना, बास्कमध्ये बाय म्हणजे हो. ती हो म्हणतेय. केव्हापासून.”

बाई क्षणभर गप्प राहतात. मग फोन तोंडाशी इतका जवळ धरतात की पलीकडे फक्त त्यांचं कपाळ दिसत असावं. “म्हणजे येणार?”

“बाय!”

“बाय!” बाईही म्हणतात, मोठ्याने. गोणपाटावरची म्हातारी वर बघते. बास्क ही युरोपातली एकटी भाषा, तिला आसपास कुणी सख्खं नाही, जगात कुठे असल्याचं सिद्धही झालेलं नाही. तिच्यातला होकार इंदूरच्या पुलावर एका मराठी शिक्षिकेच्या तोंडून येतोय आणि उच्चार पहिल्याच फटक्यात बिनचूक आहे. तो शब्द त्या आयुष्यभर ऐकत आल्यात.

त्या कागदाची संजा उचलून कॅमेऱ्यापुढे धरतात. “ही बघ कोण? संजाबाई.”

“संजा… बाय?” पोर थांबते, कपाळाला आठ्या घालते. “संजा, हो?” आणि फसकन हसते. “आजी, संजा हो! संजा नाही! संजा हो!”

“बस येईल,” मुलगा मागून ओरडतो. पडदा काळा होतो.

“कौन थी?” म्हातारी विचारते.

“पोती. बहुत दूर है. वहाँ भेज सकते हैं क्या इसको? मुड़ेगी तो नहीं?”

म्हातारी विचार करते. कागद जाड आहे, गुंडाळून नळीत घातला तर जाईल, पण कधी पोचेल? भाचा कुरिअरचे दिवस मोजतो. अमावास्या उलटून जाणार हे उघड आहे.

“अमावस के बाद काय की संजा,” म्हातारी म्हणते. “विदा हो जाय वा तो.”

“तो दो दे दो,” बाई पर्स उघडतात. “एक अभी भेजती हूँ, एक अगले साल टाइम पे.”

म्हातारी दोन कागद एकात एक गुंडाळते, वरून जुन्या ‘नईदुनिया’ पेपरचं पान लावते, दोरा शोधायला लागते. बाई सुट्टे पैसे मोजतायत आणि भाचा फोनवर बिलबाओचा पिनकोड विचारतोय.